नाच्याला हसण्याआधी...

हॉलिवूडचा 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) बघितलाय का? मूकपट जाऊन बोलपट येतो, सगळ्यांची तारांबळ उडते, पण शेवटी नायकाला यशही मिळतं आणि प्रेमही. आपल्या 'नटरंग'मधल्या गुणा कागलकरचं नशीब एवढं सोपं नाही.

आनंद यादवांच्या कादंबरीवर रवी जाधवांनी केलेला हा सिनेमा २०१० साली आला. गुणा शेतमजूर, अंगानं पैलवान. त्याला तमाशात राजा व्हायचंय. पण नाच्याशिवाय फड उभा राहत नाही आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही. शेवटी तोच होतो. मग गावात टिंगल आणि घरात दुरावा!

आता गंमत बघा. बालगंधर्व रंगभूमीवर भामिनी झाले, सिंधू झाले. त्यांच्यासारखं नेसणं-सजणं घरंदाज बायकांनी उचललं. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र शिट्ट्या. साडी दोघांनीही नेसली, मग हा भेद कशापायी?

मी लोणार तालुक्यातल्या बीबीचा. 'नाच्या' हा शब्द मी शिवीसारखाच ऐकत आलोय. इथं शिकल्या-सवरल्या हॉस्टेलवर तरी वेगळं काय आहे? गॅदरिंगच्या स्किटमध्ये बाई झालेल्या पोराला आपण वर्षभर मेसमध्ये 'मॅडम' म्हणून छळतो. सबमिशन सांभाळून रात्री त्यानं केलेली तालीम कुणालाच आठवत नाही.

स्टेजवर खुशाल हसा, तो त्यासाठीच उभा असतो. पण पडदा पडला की थांबा. नाहीतर पुढच्या वर्षी त्या भूमिकेसाठी कुणी नाव दिलं नाही, तर दोष आपलाच.