गोलापुढचा विणकर

फुटबॉल आमच्या वाचकांच्या घरांतून क्रिकेटइतका मुरलेला नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि घरांतील तरुण मंडळी रात्रीं जागून तो खेळ पाहतात, आणि वडील मंडळी "एका चेंडूमागें बावीस माणसें कां धांवतात?" असें विचारून निजावयास जातात, हा अनुभव पुष्कळांस असेल. त्या वडील मंडळींसाठींच आज गेर्ड म्युलर या जर्मन खेळाडूची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. कारण ती जितकी खेळाची आहे, तितकीच खेळ संपल्यावर मागें उरणाऱ्या माणसाचीहि आहे.

बव्हेरियांतील न्योर्डलिंगेन या तटबंदीच्या जुन्या गांवीं ३ नोव्हेंबर १९४५ रोजीं म्युलरचा जन्म झाला. महायुद्ध संपून तेव्हां जेमतेम सहा महिने लोटले होते. शाळा सुटल्यावर त्यानें विणकराच्या धंद्यांत उमेदवारी केली व उरलेल्या वेळीं गांवच्या संघांतून गोल केले. १९६४ सालीं बायर्न म्युनिक या क्लबानें त्यास घेतलें. आज जगविख्यात असलेला हा क्लब त्या वेळीं दुसऱ्या श्रेणींत होता! नव्या पोराची ठेंगणी, भरलेली अंगलट पाहून तेथील शिक्षक चायकोव्स्की यांनीं त्याचें 'छोटा लठ्ठ म्युलर' असें नामकरण केलें, आणि तें त्यास कायमचें चिकटलें.

प्रतिपक्षाच्या गोलावर चाल करून जाणारा जो आघाडीचा गडी, त्यास स्ट्रायकर म्हणतात. अशा गड्याकडून प्रेक्षक डौलाची अपेक्षा करितात. म्युलरपाशीं डौल नव्हता. त्याचे गोल बहुधा चार-सहा पावलांवरून, गर्दींत धडपडत, कधीं बसल्या बसल्या, कधीं गुडघ्यानेंसुद्धां झालेले असत. पण चेंडू कोठें येऊन पडणार, हें त्यास इतरांच्या अर्धा क्षण आधीं कळे. आणि आखूड, बळकट मांड्यांमुळें तो जागच्या जागीं असा गर्रकन वळे कीं, उंच बचावगडी नुसता पाहत राही. जर्मन लीगच्या ४२७ सामन्यांत ३६५ गोल आणि देशासाठीं ६२ सामन्यांत ६८ गोल, हे आंकडे पाहिल्यावर डौलाची गोष्ट कोण काढील?

७ जुलै १९७४ रोजीं म्युनिक येथें विश्वचषकाचा अंतिम सामना हॉलंडशीं होता. दोन्ही पक्षांचा एकेक गोल झालेला. मध्यंतरास दोनच मिनिटें उरलीं असतां उजवीकडून आलेला चेंडू म्युलरनें अडविला, तों तो त्याच्या पायावरून जरा मागें गेला. दुसऱ्या कोणाची संधि तेथेंच संपली असती. म्युलर मागें सरला, वळला आणि जमिनीलगत मारता झाला. तोच निर्णायक गोल ठरला. विश्वचषकांतील त्याचा तो चौदावा गोल. हा उच्चांक २००६ पर्यंत टिकला.

त्या रात्रींच्या मेजवानीस अधिकाऱ्यांच्या पत्नींस प्रवेश होता, खेळाडूंच्या पत्नींस मात्र नव्हता. यावरून खेळाडू संतापले. म्युलरनें त्याच वेळीं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. वय अवघें अठ्ठावीस! त्याचा विचार आधींच ठरला होता असेंहि सांगतात. परंतु ज्यांनीं चषक जिंकून दिला त्यांच्या बायकांनीं बाहेर बसावें, हा न्याय आम्हांस तरी उमगत नाहीं.

पुढें १९७९ मध्यें एका सामन्यांतून त्यास मध्येंच बाहेर बोलावलें गेलें. तो अपमान मनास लागून तो अमेरिकेंत फ्लॉरिडाकडे निघून गेला. तेथें कांहीं काळ खेळला, उपाहारगृह चालविलें. आणि मग दारू. गोलापुढच्या चौकटींत आपली जागा अचूक ओळखणाऱ्या या माणसास चौकटीबाहेर जागाच सांपडेना. चाळीस वर्षें कचेरींत गेलेला घरांतील कर्ता पुरुष पेन्शन झाल्यावर सकाळीं दहाला अस्वस्थपणें येरझारा घालूं लागतो, हें आपण पाहतों. त्यास निदान नातवंडें तरी असतात. म्युनिकला परतल्यावर म्युलरचें व्यसन वाढलें, घरहि मोडावयाच्या बेतास आलें.

१९९१ सालीं जुने सोबती धांवून आले. उली ह्यॉनेस व बेकेनबाउअर हे तेव्हां क्लबाच्या बाजूचे वजनदार गृहस्थ. त्यांनीं त्यास उपचारासाठीं धाडलें आणि बरा झाल्यावर पैशाची थैली न देतां काम दिलें: क्लबाच्या दुसऱ्या संघांतील पोरांस शिकविण्याचें. हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. म्युलरनें तें काम वीस वर्षांहून अधिक काळ केलें, आणि पुन्हां दारूकडे वळला नाहीं. त्याच संघांतून टोमास म्युलर हा (नात्यांतला नव्हे, केवळ आडनांवबंधु) वर आला. २०१० च्या विश्वचषकांत सर्वाधिक गोलांचा मान त्यानें मिळविला, तेव्हां त्याच्या पाठीवर गेर्डचाच १३ हा आंकडा होता.

२०१५ सालीं गेर्डला स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचें क्लबानें जाहीर केलें. पुढील वर्षें शुश्रूषागृहांत गेलीं. एका मोसमांत ४० गोलांचा त्याचा १९७२ चा विक्रम तसाच उभा होता. मे २०२१ मध्यें बायर्नच्याच लेवांडोव्स्कीनें त्याची बरोबरी केली आणि अंगांतला शर्ट वर करून आंतील गंजीफ्राकावरचें म्युलरचें चित्र दाखविलें. आठवड्यानें, मोसमाच्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत, त्यानें एक्केचाळिसावा गोल केला. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं म्युलर निवर्तला. लीगमधील ३६५ चा आंकडा मात्र त्याच्या पश्चात् त्याच्याच नांवावर राहिला.