गोधडीच्या घडीतली ट्यूब बाहेर काढा

बीड जिल्ह्यातल्या लेकींनो, सुनांनो आणि त्यांच्या आयांनो,

साखर कारखान्यांचे पट्टे पडत आले. ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परततील, ट्रॅक्टरमधून संसार उतरतील आणि लगेच लग्नसराई सुरू होईल. घरोघरी पाहुणे येतील, पोहे होतील. त्याआधीचा महिनाभर एखादी पोर सगळी निजल्यावर मोबाईलच्या उजेडात तोंडाला काहीतरी चोळत बसेल. त्या 'काहीतरी'बद्दल मला आज बोलायचं आहे, आणि घाईनं बोलायचं आहे.

आधी माझं सांगते. मी सावळी. आमच्याकडं 'सावळी' हा शब्द बाहेरच्यांसमोर वापरतात, घरात 'काळी' म्हणतात. दोन स्थळं रंगावरून परत गेली, तेव्हा शेजारच्या एका वहिनींनी एक ट्यूब आणून दिली. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळायची, खाजेवरची होती. पंधरा दिवसांत तोंड असं उजळलं की आईनं देवापुढं साखर ठेवली. तिसरं स्थळ जमलं. ट्यूब माझ्यासोबत सासरी आली आणि गोधडीच्या घडीत राहिली. एक रात्र चुकली की दुसऱ्या दिवशी गाल पेटायचे, उन्हात उभं राहवायचं नाही, पुटकुळ्या यायच्या. म्हणून पुन्हा लावायची. नवऱ्याला माहीत नव्हतं. गालांवर तांबड्या शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर केस आले, तेव्हा डॉक्टरांकडं गेले. त्यांनी विचारलं, ‘‘चेहऱ्याला काय लावता?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, हळद-बेसन.’’ शेजारी सासूबाई बसल्या होत्या. दुसऱ्या खेपेलाही तेच उत्तर दिलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पर्समधून ट्यूब काढली. तिची शेपटी टूथपेस्टसारखी गुंडाळून गुंडाळून शेवटच्या थेंबापर्यंत आणलेली होती. ती बघून ते रागावले नाहीत. ‘‘आता कळलं,’’ एवढंच म्हणाले.

वर्षानुवर्षं लपवलेली गोष्ट सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. चेहरा सुधारायला मात्र वर्षाच्या वर गेलं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर अकोल्याचं प्रकरण फार जुनं नाही. २०२३ मध्ये ते वर्तमानपत्रांत आलं. कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या, जवळच्याच एका ब्यूटीशियनकडून घेतलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. थर्मामीटरमधला पारा, तोच.

पारा त्वचेला काळा रंग तयार करू देत नाही, म्हणून चेहरा पटकन उजळतो. पण तो गालावर थांबत नाही. कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मग लघवीतून प्रथिनं वाहून जायला लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. आपण म्हणतो दगदग झाली, मीठ जास्त झालं. आणि फक्त लावणारीच आजारी पडते असंही नाही. लेकरू आईच्या गालाला गाल लावून निजतं, टॉवेल आणि उशी घरात एकच असते.

केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले याच प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे बावीस रुग्ण तपासले. त्यांतल्या पंधरा जणांत आजाराची एकसारखी, एरवी क्वचितच दिसणारी खूण सापडली. त्या पंधरांपैकी तेरा जणांनी गोरेपणाचं क्रीम लावत असल्याचं कबूल केलं. हा 'कबूल केलं' शब्द नीट वाचा. तपासण्या झाल्या होत्या, पण कारणाचा धागा हाती लागला तो रुग्ण बोलले तेव्हा. गप्प बसलेल्या रुग्णाच्या कागदावर कारणाची जागा कोरीच राहते.

ओळखायचं कसं? डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बॅच नंबर नसेल, किंवा सगळा मजकूर परक्या भाषेत असेल, तर हात लावू नका. 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक', 'कॅलोमेल' यांतला एक जरी शब्द दिसला तरी नको. आणखी एक खूण जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितली आहे, ती आपल्या बायकांना लगेच पटेल: 'सोन्याचांदीला लागू देऊ नका' अशी सूचना क्रीमवर असली तर आत पारा असू शकतो. पारा सोन्याला खातो, हे कोणताही सोनार सांगेल. अंगठी पांढरी पडेल म्हणून आपण ती काढून ठेवणार आणि तेच बोट गालावर फिरवणार!

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरायला बंदी आहे. माझ्या खाजेवरच्या ट्यूबसारख्या स्टेरॉइडच्या मलमांवरही २०१८ मध्ये सरकारनं बंधन घातलं. तशी चौदा औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत शोधा. ही औषधं वाईट नाहीत, योग्य जागी आणि योग्य दिवसांपुरती ती गुणकारी आहेत. पण वांग, मुरूम, नायटा, काळेपणा या सगळ्यांवर एकच ट्यूब महिनोन्महिने चोळली की कातडी कागदासारखी पातळ होते. आणि आपल्या पोरी तर उसाच्या फडात उभ्या असतात. वर ऊन, समोर चेहऱ्यावर चरे पाडणारं पाचट. पातळ झालेल्या कातडीला ते कसं सोसणार?

आता जरा वरपक्षाकडं वळते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. ती लेकरं आज लग्नाच्या वयात येताहेत. पोराला मुलगी मिळत नाही म्हणून पार कर्नाटकापर्यंत स्थळं शोधता आणि तरी बायोडाट्यात 'रंग : गोरा' हवा! रंग कमी म्हणून दोन तोळे वाढवून मागता! एका कंपनीनं २०२० मध्ये आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं, पण आपल्या बायोडाट्यातला रंगाचा रकाना काही हलला नाही. पंढरपूरला जाऊन काळ्या दगडाच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि घरी येऊन सुनेचा रंग बघायचा, हे आपल्यालाच जमतं. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचंही लग्न परळीच्या वैजनाथाशी व्हायचं राहिलं अशी कथा आहे. पण त्या कथेत वऱ्हाडाचा मुहूर्त चुकला होता. रंगाचं कुणी काही बोललं नव्हतं.

तेव्हा या लग्नसराईत बायोडाटा छापताना तो रकानाच काढून टाका. छापणारा विचारेलच. त्याला सांगा, आमच्यात नसतो.

मेडिकलवाल्या दादांनो, 'गोरं व्हायची ट्यूब द्या' म्हणत दहावीतली पोर दारात आली तर तिला परत पाठवा. पार्लरवाल्या ताईंनो, बिननावाच्या डब्या भरून विकू नका, तुमच्याही घरात त्याच लावल्या जातात. कुणी विकताना दिसलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. आणि डॉक्टरसाहेब, बाईमाणूस चेहऱ्याचं दुखणं घेऊन आलं की सोबतच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसवा. उत्तर त्या दोन मिनिटांत मिळतं.

उरल्या तुम्ही, ज्यांच्याकडं ती ट्यूब किंवा डबी आत्ता आहे. पत्र्याच्या पेटीत असेल, तांदळाच्या डब्यात असेल, फडावरच्या कोपीत उशाशी असेल. बिननावाची डबी असेल तर आज रात्रीपासून लावणं बंद करा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या, साधी तपासणी आहे. मेडिकलची ट्यूब असेल आणि महिनोन्महिने लावत असाल, तर आपल्या मनानं एकदम सोडू नका, चेहरा पेटेल. डॉक्टर ती हळूहळू सोडवतात. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं चेहऱ्याचं दुखणं घेऊन जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. तोंड लपवून बसावंसं वाटत असेल, जेवण जात नसेल, आरशासमोर रडू येत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

आयांनो, पेटीत ट्यूब सापडली तर पोरीला मारू नका, ट्यूबही फेकून देऊ नका. ती डॉक्टरांना दाखवायची आहे. पिशवीत घाला आणि पोरीसोबत जा. रिकामी झाली असली तरी घेऊन जा.