मागणी आटली, की हात आखडला?

नवीन जालन्याच्या मोंढ्यात एखाद्या दिवशी आवक निम्म्यावर आली, तर जुना अडत्या लगेच ‘माल संपला’ असं म्हणत नाही. शेतकऱ्याने माल घरी ठेवला, की खरेदीदारानेच हात आखडला, याची तो आधी चौकशी करतो. कर्जबाजारात मात्र हीच चौकशी आपल्या आकडेपंडितांना पोरकट वाटते.

त्यांचा पूर्वपक्ष असा : किती कर्ज वाटलं, किती रोखे निघाले, हे मोजता येत असताना सावकारांची मतं कशाला विचारायची? ‘वाढली’, ‘थोडी वाढली’, ‘तशीच आहे’ ही काय मोजदाद झाली?

मग मोजलेला आकडाच तपासू. मॉल, कार्यालयं, गोदामं गहाण ठेवून घेतलेली कर्जं एकत्र बांधायची आणि भाड्यातून येणाऱ्या हप्त्यांच्या जोरावर रोखे विकायचे, हा सीएमबीएसचा व्यवहार. अमेरिकेत २००७ मध्ये असे २०० अब्ज डॉलरांहून अधिक रोखे निघाले. २००९ मध्ये ५ अब्जांचेही नाहीत. इमारतवाल्यांची गरज दोन वर्षांत संपली? छे! जुनं कर्ज फेडायला नवं मिळेना म्हणून ते हवालदिल होते. आटला होता तो देणाऱ्यांचा धीर. आकड्याने घसरण दाखवली, कारण नाही.

म्हणून फेडरल रिझर्व्हने पुढे दर तिमाहीला रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या मोठ्या डीलरांच्या पत-अधिकाऱ्यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायला सुरुवात केली. हे रोखे तारण ठेवून पैसे मागणं वाढलं का? आणि तारणाच्या किमतीतली कपात, मुदत, दर यांच्या अटी तुम्ही आवळल्या की सैल केल्या? मागणी वाढली आणि अटीही आवळल्या, तर उलाढालीचा आकडा जागचा हलणारही नाही. पेच मात्र या दोन रकान्यांत उघडा पडेल.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : देणारा सोयीचं बोलेल, आणि नकार ठाऊक असल्याने अर्जच न करणारा त्याला दिसणार नाही. मान्य. पण त्यावर उपाय कर्ज घेणाऱ्यालाही विचारण्याचा. देणाऱ्याला विचारणं सोडण्याचा नव्हे. शिवाय तराजू कायम एकाच बाजूला झुकत असेल, तरी कालच्यापेक्षा आज वजन वाढलं की घटलं, हे त्यावर कळतंच.

‘हे अमेरिकेचं, जालन्याला काय?’ हा तिसरा प्रश्न. आपल्याकडेही डीएलएफने २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्पोरिओ मॉलच्या जोरावर ५२५ कोटींचे असे रोखे काढले. रिझर्व्ह बँकही दर तिमाहीला ३० मोठ्या बँकांना कर्जाची मागणी आणि अटी विचारते. उत्तरांना अधिक १ ते उणे १ असं वजन देऊन निष्कर्ष काढते. शेती, खाणकाम, उद्योग, पायाभूत सुविधा, सेवा, किरकोळ कर्ज असे तिचे मुख्य रकाने. त्यात व्यापारी इमारतींचा स्वतंत्र रकाना नाही. जालन्यातल्या सळईच्या कारखान्याचं कर्ज उद्योगात दिसतं. त्याच सळईवर उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलाचं कर्ज कुठे मिसळलं, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

तेव्हा सर्वेक्षण बंद करा असं म्हणण्याऐवजी हा एक रकाना वाढवा, आणि कर्ज मागून रिकाम्या हाताने परतणाऱ्यालाही एक प्रश्न विचारा. मोंढ्यातला अडत्या दोन्ही बाजूंना विचारल्याशिवाय भाव सांगत नाही; बँकांच्या बँकेने तेवढं तरी करावं.