पंखा फिरेपर्यंत गाडी ताब्यात देऊ नका

रेडिएटरचे काम करून आणलेली गाडी चार दिवसांत पुन्हा तापते, ही तक्रार खारदांड्यात जुनी आहे. मासळीचा टेम्पो असो की भिवंडीहून कापडाचे तागे आणणारी आमची व्हॅन, वाहतुकीत अडकली की काटा लाल रेघेकडे निघतो. मिस्त्री म्हणतो, ‘शेठ, रेडिएटर झाला, आता वॉटर बॉडी बदलू.’ त्यानंतर हेड गॅस्केट. पैसा जातो आणि माल रस्त्यात पडून राहतो.

माझे स्पष्ट मत आहे की यातला बराचसा खर्च टाळता येतो. पाणी काढून पुन्हा भरताना नळ्यांत हवा अडकते. टाकी भरलेली दिसते, पण इंजिनात पाणी फिरत नाही. इंजिन तापलेले असताना हीटरमधून थंड हवा आली, तर पहिला संशय याच हवेचा घ्यावा. ती काढायला सामान लागत नाही, वेळ लागतो. इंजिन थंड असताना झाकण उघडायचे, गाडीचे तोंड चढाला लावायचे, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करायचे. बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि बुडबुडे येऊ लागतात. ते थांबेपर्यंत कूलंट भरायचे. मग झाकण लावून, एसी बंद ठेवून, पंखा दोन वेळा आपोआप फिरून थांबलेला पाहायचा.

झाकणही तपासावे. उघडे पाणी १०० अंशांवर उकळते. चांगल्या झाकणाच्या दाबाखाली कूलंट १२० च्या आसपासही तग धरते. रबर सैल झाले की हा दाबच राहत नाही. उभी गाडी तापते आणि धावताना थंड होते, तर पंखा पाहावा. घाटात किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदला असेल किंवा पंप थकला असेल. गळती नसताना कूलंट घटते, बुडबुडे थांबत नाहीत किंवा तेल दुधाळ होते, तेव्हाच गॅस्केटची गोष्ट काढावी. (गळतीवर हळद टाकणारे उस्ताद अजून आहेत. हळद भाजीत बरी, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत नव्हे. समुद्राकाठच्या विहिरीचे खारट पाणीही तसेच.)

खरी चीड येते ती थर्मोस्टॅट गुपचूप काढून टाकण्याची. काटा खाली राहतो, गिऱ्हाईक खूश होते. पण इंजिन नीट गरमच होत नाही आणि आजच्या गाडीचा कॉम्प्युटर थंड समजून जादा पेट्रोल सोडतो. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवणाऱ्या आणि ओले धान्य वर ठेवायला सांगणाऱ्या नबी (स.) यांची उम्मत आपण. आम्ही डागी तागा डाग दाखवूनच विकावा, हे जर खरे, तर मिस्त्रीनेही काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावा.

दोष आम्हा गिऱ्हाइकांचाही आहे. गाडी घेऊन आलो की ‘लवकर कर भाई’ म्हणत डोक्यावर उभे राहतो आणि तपासणीच्या पाऊण तासाची मजुरी द्यायला कुरकुरतो. मिस्त्रीने ती मजुरी बिलात वेगळी लिहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी पुन्हा बोलवावी. उरलेली हवा निघाली की पातळी थोडी उतरते.