घरातले परके घड्याळ

हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातली गावे. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान तिथेच उभे आहे. पुण्यात सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ झालेले असतात. हिवाळ्यात हे अंतर आणखी एका तासाने वाढते. ज्या वेळी आपल्याकडे देवापुढे दिवा लागतो आणि मुलांना दिवसभरातले काहीबाही सांगायचे असते, नेमके त्याच वेळी तिकडचे कार्यालय उघडते आणि इकडे घरातल्या एका खोलीचे दार बंद होते.

दुसऱ्यांच्या गरजेसाठी काही सोडावे लागणे मुळशीला नवे नाही. १९२१ साली विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट यांच्यासह मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पण मुंबईच्या विजेसाठी शेते आणि गावे बुडालीच. जमीन जाते ती निदान दिसते, तिच्या मोबदल्यासाठी भांडता येते. संध्याकाळ गेल्याची नोंद मात्र कुठल्याच सातबाऱ्यावर होत नाही.

रात्रपाळी गिरणगावानेही सोसली. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार आणि गावी राहिलेली त्यांची बायकामुले हा ताटातुटीचाच संसार होता, त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु भोंगा वाजला की पाळी संपल्याचे साऱ्या वस्तीला कळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले म्हणूनच १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पडली. लॅपटॉपला भोंगा नाही. काम कधी संपले हे बाजूला बसलेल्या पत्नीलाही कळत नाही. आणि तीही नोकरी करणारी असेल, तर दोघांची भेट स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीपुरती उरते.

‘पगार चांगला आहे, सक्ती कोणी केली?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. घराचे हप्ते वीस वर्षांचे असताना ‘स्वेच्छा’ हा शब्द आम्हाला फसवा वाटतो. शिवाय लहान मूल या करारात पक्षकार नसते. किंमत मात्र तेही मोजते.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. मुळशी ज्या बारामती मतदारसंघात मोडते तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले; ते संमत झाले नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली.

संप विझल्यानंतरचे गिरणी कामगाराचे घर जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये रंगभूमीवर उभे केले. बंद दाराबाहेर बाबांची वाट पाहत झोपी गेलेल्या मुलाचे घर हाही मराठी साहित्याचाच विषय आहे. परंतु साहित्याने दखल घेईपर्यंत ते मूल मोठे होईल. म्हणून कायद्याची मागणी आधी करावी, असे आमचे मत आहे.