वेण्णेच्या काठची सावली

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या मंडळींस "काय पाहिले?" म्हणून विचारावे, तर बहुधा पॉइंटांची यादी ऐकावयास मिळते. आर्थर, एल्फिन्स्टन, विल्सन, बॉम्बे. साहेब गेले, नावे राहिली, आणि त्या नावांपुढे एकेक खूण करीत मोटारी धावत असतात. गेल्या कार्तिकात आमचे कुटुंब तेथे गेले, तेव्हा आमच्या सारथ्याजवळही मोबाइलवर अशी चौदा नावांची यादी तयार होती. आम्ही त्यांपैकी एकच पुरे केले, आणि तेही पायी. घरातील मुले त्यामुळे दोन दिवस फुरंगटून होती, हे प्रांजळपणे सांगतो. तरी जे पाहिले ते वाचकांच्या कानी घालावे असे वाटते, म्हणून या महिन्याचे पान त्यासाठी.

प्रथम जाण्याचे कारण. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या दिवशी आमच्या माजघरात पाणी छातीला लागत होते. मातोश्रींस नावेत बसवून बाहेर काढावे लागले. देवांचा संपुष्ट त्यांच्या मांडीवर होता, तो वाचला. पोथ्या गेल्या, मसाल्याचे डबे गेले, आणि आमच्या आजीच्या हातची पाककृतींची वही गेली, जिची दुसरी प्रत कोठेच नाही. लग्न होऊन या घरी आल्यापासून कार्तिकात घाटावर दिवा लावणे आणि कृष्णामाईची ओटी भरणे मातोश्रींनी कधी चुकविले नव्हते. त्या वर्षापासून त्या घाटाकडे फिरकल्या नाहीत. सुना आग्रह करू लागल्या की एकच उत्तर: "ती न बोलावता माझ्या घरात आली. आता मी तिच्या दारी जायची नाही."

घरातल्या दोघांतला अबोला वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी करून मिटवावा. पण येथे वडीलधारे माणूस तेच रुसलेले. तेव्हा आमच्या पुतण्याचा भूगोल कामी आला. वहीत कृष्णेचा नकाशा काढता काढता त्याने विचारले, "आजी, ही सुरू कुठे होते ते तू पाहिलं आहेस का?" पाहिले नव्हते. पंढरपूर झाले, काशी झाली, परंतु आपल्या दारची नदी जेथून येते ते ठिकाण दोनशे किलोमीटरांच्या आत असून राहिले होते. मातोश्री यावयास कबूल झाल्या. मात्र अट घातली की क्षेत्र महाबळेश्वरी, कृष्णाबाईच्या देवळी, त्यांस न्यावयाचे नाही. त्या अटीत आम्हांस वाव दिसला. कारण त्या डोंगरावरून कृष्णा एकटी निघत नाही. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेस कोकणात उतरते. वेण्णा सातारच्या बाजूस माहुलीपाशी कृष्णेस मिळते, आणि कोयना कराडास. तेव्हा कृष्णा नको तर नको, वेण्णेकडे जाऊ, असे ठरले.

लिंगमळा हे ठिकाण महाबळेश्वर गावाबाहेर, पाचगणीच्या रस्त्याला लागून आहे. फाटकापाशी मोटार सोडली की पायवाट झाडीत शिरते. थोड्या अंतरावर तिला दोन फाटे फुटतात: एक वेण्णेच्या लहान धबधब्याकडे पाण्यापर्यंत जातो, दुसरा मोठा धबधबा जेथून दिसतो त्या कड्यावर. दोन्ही पाहून फाटकाशी परत येईपर्यंत आमच्या चालीने दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागला. ही चाल मातोश्रींच्या ७८ वर्षांच्या गुडघ्यांची होती, हे लक्षात घ्यावे. तरुण माणसे हा फेरा पाऊण तासात करतील, आणि त्यांस काहीही दिसणार नाही.

रस्त्यावर ऊन्ह तापले होते. वाटेला लागून दहा-वीस पावले गेलो असू, तोच अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटली. ही झाडी काही गगनचुंबी नव्हे. वारा आणि मातीचा पातळ थर यांमुळे येथली झाडे ठेंगणीच राहतात. पण वर फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की खाली उन्हाचे कवडसे मोजून घ्यावे. जांभूळ आणि अंजनी यांचे येथे राज्य, मध्ये मध्ये पिसा, गेळा, हिरडा. बुंध्यांवर शेवाळ, शेवाळात नेचे. जांभळीच्या मोहरावरचा मध या डोंगराची ख्याती; जवळचेच मांघर हे २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले आहे. एका शेंड्यावर काटक्यापानांचा मोठा गोळा होता. ते शेकरूचे घरटे. खुद्द शेकरूने दर्शन दिले नाही. माकडांनी मात्र दिले, आणि आमच्या धाकट्या वहिनींच्या हातची चिवड्याची पिशवी दक्षिणा म्हणून नेली.

मातोश्री मान खाली घालून, काठी टेकीत चालल्या होत्या. झाडांकडे त्यांचे लक्ष आहे असे दिसेना. एका वळणावर दम घ्यावयास थांबल्या, आणि टेकावयास जो बुंधा धरला त्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "अरे, हे तर दगडफूल!" सालीवर करड्या रंगाची, कडा मुडपलेली पापडी चिकटली होती. ज्या वस्तूवाचून आमच्या घरी गोडा मसाला होत नाही, ती झाडावर कशी दिसते हे त्या घरातील एकाही माणसाने आजवर पाहिले नव्हते. मुलांनी नाक लावून पाहिले, तर वास काहीच नाही. "तेलात तळल्याशिवाय त्याला वास यायचा नाही," असे सांगून मातोश्रींनी तेथेच, वाटेत उभ्या राहून, मसाल्याचे प्रमाण सांगावयास आरंभ केला. धने किती, नागकेशर किती, काय आधी तळावे, काय शेवटी. आमच्या वहिनींनी ते तत्काळ मोबाइलवर टिपून घेतले. पाण्याने नेलेल्या वहीचे एक पान असे परत आले.

त्यानंतर वाटेची रीतच पालटली. मातोश्री पुढे, आम्ही मागे. झाडाखाली पाच शिरांची वाळकी फळे पडलेली दिसताच त्यांनी मुलांस बोलाविले: "हा हिरडा. तुम्हां सगळ्यांना सहाणेवर उगाळून घुटीतून चाटवलाय." पुतण्याने लगेच एक खिशात टाकला. फाटकावरच्या वनरक्षकाने जंगलातून काही न्यावयाचे नाही असे बजावले होते. आजीने तो खिशातून काढवून होता तेथे ठेवविला. जंगलातील वस्तूंची आमची ओळख डब्यांपुरतीच होती, हे कबूल करण्यास हरकत नाही. एका औषधाने मात्र येथे दाद दिली नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारने याच लिंगमळ्यास सिंकोनाची लागवड करून पाहिली होती, हेतू हा की हिवतापावरचे कोयनेल घरचेच व्हावे. तो परदेशी पाहुणा काही या डोंगरावर रमला नाही.

लहान धबधब्यापाशी पाणी घोट्याइतके होते, आणि इतके स्वच्छ की तळचे खडे मोजावे. मातोश्री काठच्या खडकावर बसल्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "पावसाळा संपून महिना होऊन गेला. हे पाणी अजून येतं कुठून?"

हा प्रश्न आम्हांस आवडला. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. पाचगणीस त्याच्या निम्माही नाही, आणि आमच्या सांगलीस सहाशेच्या आसपास. हा सारा चार महिन्यांत कोसळतो. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे, आणि जांभा हा सच्छिद्र दगड. पाऊस उघड्या खडकावर पडला तर तडक उतारास लागतो. झाडीवर पडला तर आधी पानांवर, मग शेवाळावर, मग कुजलेल्या पाल्याच्या गादीवर असा थबकत थबकत जमिनीत मुरतो, जांभ्यात साठतो, आणि खालच्या काळ्या पाषाणाशी अडला की कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. दिवाळीनंतर वेण्णा वाहते ती या साठवणीवर.

येथे धाकटे बंधू मध्येच बोलले, "म्हणजे हे जंगल होतं म्हणून पूर आला नाही असं तर नाही ना? पूर तर आला." आक्षेप खरा आहे, आणि झाडांच्या भक्तांनी तो टाळू नये. आठवडा-आठवडा धो धो पाऊस लागला की जांभाही तुडुंब होतो आणि पाल्याची गादीही. मग पडेल तो थेंब वाहतोच. धरणांची दारे केव्हा उघडावी आणि नदीच्या पात्रात घरे किती बांधावी, हे प्रश्न निराळे, आणि ते झाडांनी सोडवावयाचे नव्हेत. पण डोंगर उघडे पडले तर पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि वैशाखात कोरडे पात्र, एवढे निश्चित. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला गेला तो उगाच नव्हे. तरी मोटारी आणि हॉटेले यांची वाढ पाहता, कागदावरचे रक्षण जमिनीवर किती उतरले याविषयी आम्ही साशंक आहो.

ज्या सांगलीकरांस इतके लांब जाणे होत नाही, त्यांनी किर्लोस्करवाडीजवळचे सागरेश्वर पाहावे. तेथे नदीकाठ नाही, सावलीही विरळ. परंतु बोडके डोंगर धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन हिरवे केले, आणि १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. असलेली झाडी राखण्याहून नसलेली उभी करणे किती कठीण, ते तेथे कळते.

दुसऱ्या फाट्याने मोठा धबधबा पाहिला. तो भव्य आहे; त्याची छायाचित्रे सर्वत्र मिळतात. फाटकाशी आलो तेव्हा सारथी यादी उघडून उभाच होता. मातोश्री त्यास म्हणाल्या, "बाबा, आता खाली चल. ही कुठे जाते ते दाखव."

म्हणून परततांना केळघर घाटाने मेढ्यास उतरलो. ती वाट वेण्णेच्याच खोऱ्यातून जाते. पुढे कण्हेरच्या धरणात ती अडलेली दिसली. "बरं झालं, कुणीतरी थांबवलं," एवढेच मातोश्री बोलल्या. साताऱ्यापलीकडे माहुलीस पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. घाट, देवळे आणि दोन पाण्यांचा संगम. मातोश्रींनी पायऱ्या उतरून पिशवीतून नारळ, खण आणि तांदळाची पुडी काढली. हे सामान सांगलीहून निघतानाच त्यांनी बरोबर घेतले होते, आणि घरात कोणास त्याचा पत्ता नव्हता. संगमाच्या अलीकडे, जेथे पाणी अजून निव्वळ वेण्णेचे होते, तेथे त्यांनी ओटी भरली.

धाकट्या बंधूंस राहवले नाही. "आई, अगं दहा पावलांवर ती कृष्णाच होते."

"ठाऊक आहे मला," मातोश्री म्हणाल्या, आणि हात टेकावयास त्यांचाच खांदा मागितला.