एका होडीत दोघे
ब्रिस्टलच्या नळांना पाणी पुरवणारा चू व्हॅली जलाशय १९५६ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते सुरू झाला. तिथल्या ट्राउटच्या होडीस्पर्धा आम्हाला मनापासून आवडतात, कारण दोन प्रतिस्पर्धी दिवसभर एकाच होडीत बसतात. होडी वाऱ्याला आडवी सोडायची, वेग आवरायला वाऱ्याच्या बाजूने पाण्यात कापडी छत्री टाकायची आणि बसल्या जागेवरून समोर गळ फेकायचा. उभं राहून गळ टाकायला मनाई. गळाला आमिष नाहीच; असते ती दोरा-पिसं गुंडाळून केलेली, तळातून वर येणाऱ्या चिलटाच्या कोषाची नक्कल. एकाला मोठा मासा लागला की दुसरा आपली दोरी गुंडाळून त्याला जागा देतो. ज्याच्याशी चुरस, त्याच्याच माशासाठी हात थांबवायचा! या अंकाची मधली पानं आम्ही याच खेळाला दिली आहेत.